निरीक्षकांची फुंकणी

बाजारात ते शिरले की काटे सरळ होतात, असं दुकानदार म्हणायचे. खरं तर काटे जागच्या जागीच असायचे, सरळ व्हायचे ते दुकानदार. वजनमापं तपासणं हे त्यांचं काम, आणि बावीस वर्षं त्यांनी दुसरं काहीही केलं नव्हतं. हातात लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, आणि ती उचलायला चिमटा. कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, असा त्यांचा ठाम विश्वास होता. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, वजनाच्या पोटातून खरवडून काढलेलं शिसं, एका अंगाला किंचित कललेला ओटा, बोलता बोलता पारड्याला टेकलेली करंगळी, यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दुकानदार त्यांना निरीक्षक म्हणत, शेजारी निरीक्षक म्हणत, आणि पुढे पुढे त्यांची सख्खी बहीणसुद्धा तेच म्हणायला लागली. त्यांना स्वतःला हे नाव फार आवडायचं.

अशा माणसाच्या घरात दमा शिरला, आणि तोही परवानगी न घेता.

टिल्ली ही निरीक्षकांची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा दोन किलो शंभर ग्रॅम भरली, म्हणून टिल्ली. निरीक्षकांनी त्या दिवशी आधी दवाखान्यातला काटा तपासला आणि मग मुलीचं तोंड बघितलं, असं तिची आई सांगायची, आणि ती कधी वाढवून सांगणाऱ्यांतली नव्हती. सहा वर्षांची असताना एका दुपारी टिल्ली खेळता खेळता भिंतीला पाठ लावून बसली. तिच्या छातीतून बारीक शिटी वाजायला लागली आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली. निरीक्षकांनी तिला उचललं, तीन मजले उतरले आणि अनवाणी रस्त्याने धावत सुटले. पोरीचा श्वास नेमका किती कमी पडतोय हे त्यांना कुणी सांगेना, आणि पेटीतलं एकही वजन तिथे उपयोगाचं नव्हतं. त्या दिवशी ते जितके घाबरले तितके आयुष्यात कधीच घाबरले नव्हते. हे त्यांच्या बाजूने आत्ताच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखं फार काही नाही.

दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. सगळ्यांत पुढे टिल्लीची आत्या, म्हणजे निरीक्षकांची थोरली बहीण. तिने खुर्चीत बूड टेकायच्या आत दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की त्या पंपाची सवय लागते, एकदा तोंडाला लागला की सुटत नाही. दुसरी, की आपल्या घराण्यात असलं काही कुणाला नव्हतं. दुसरी गोष्ट सांगताना तिने टिल्लीच्या आईकडे असं बघितलं, की जणू हुंड्याऐवजी तिने दमाच आणला होता.

"चष्म्याचीही सवय लागते, ताई," निरीक्षक म्हणाले. "म्हणून काय आंधळं राहायचं?"

पहिला सल्ला त्यांनी असा केराच्या टोपलीत टाकला आणि ते शहाणपणाचं होतं. दुसरा मात्र त्यांनी टाकला नाही. तो डोक्याच्या एका कोपऱ्यात पडून राहिला आणि तिथे बसून हळूहळू आपलं काम करायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले होते. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ, काही होत असो वा नसो. निळा पंप दम लागेल तेव्हा. दोन्ही स्पेसरमधून, म्हणजे एका प्लास्टिकच्या फुगीर नळकांड्यातून, सावकाश ओढायचे. आणि तिसरी वस्तू दिली ती पीक फ्लो मीटर. वीतभर नळी, तिच्यावर आकड्यांची पट्टी आणि पट्टीवर सरकणारा लाल काटा. जोरात फुंकर मारली की काटा पुढे सरकतो. जितका दम चांगला तितका आकडा मोठा. घरात तिचं नाव लगेच फुंकणी पडलं.

काटा आणि पट्टी. निरीक्षकांच्या जिवात जीव आला. श्वास मोजता येत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी फुंकणी स्वतः दहा वेळा फुंकून बघितली, आकडे लिहिले, सरासरी काढली. मग दुसरी फुंकणी विकत आणली, पहिली खरं बोलते की नाही ते ताडून बघायला. मग कपाटाच्या दारावर सात रकान्यांचा तक्ता लावला, वाराला एक रकाना. टिल्लीचा सगळ्यांत चांगला आकडा दोनशे चाळीस. तो धरून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की एकशे नव्वदच्या वर हिरवा, खाली पिवळा, आणि एकशे वीसच्याही खाली गेला तर लाल, म्हणजे निळा पंप द्या आणि दवाखान्यात या. निरीक्षकांनी तीन रंगांच्या पेन्सिली टोक करून ठेवल्या. रोज सकाळी सात वाजता टिल्ली कपाटासमोर ताठ उभी राहायची, तीन वेळा फुंकायची, तिन्हीतला मोठा आकडा तक्त्यात जायचा आणि खाली निरीक्षकांची सही व्हायची. सहीची काय गरज होती हे देव जाणे. पण सहीशिवाय आकडा त्यांना उघडाबोडका वाटायचा.

इथपर्यंत ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा तक्त्याचं कौतुक केलं. घोटाळा झाला तो आकडा पिवळा आला की.

आकडा पिवळा आला की निरीक्षक टिल्लीकडे बघायचे नाहीत. ते टिल्लीच्या आईकडे वळायचे. आवाज चढवायचे नाहीत. बाजारातही त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. खुर्ची ओढून बसायचे आणि विचारायचे.

"काल फरशी ओल्या फडक्याने पुसली होतीस?"

"हो."

"किती वाजता?"

"सकाळी. दहाच्या सुमाराला."

"सुमाराला म्हणजे?"

उशीचा अभ्रा कधी बदलला, खिडकी कोणी उघडली, तळताना स्वयंपाकघराचं दार लावलं होतं का, पंप दिला तेव्हा किती श्वास मोजले. टिल्लीची आई घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. एका पंचनाम्यात कापडाचे तंतू निघाले, आणि मशीन गच्चीवरच्या खोलीत गेलं. ती तिथे जाऊन शिवायला लागली. दुसऱ्या पंचनाम्यात टिल्लीचं कापडी अस्वल दोषी ठरलं. तिसऱ्यात पडदे. घर असं ओकंबोकं होत गेलं की पाहुण्यांना वाटायचं, ही मंडळी आत्ताच राहायला आली आहेत किंवा उद्या निघायची आहेत. तरी महिन्यातून चार-पाच वेळा आकडा पिवळा यायचाच, आणि आला की खुर्ची ओढली जायची.

आता जी गोष्ट निरीक्षकांना फार उशिरा कळली, ती आपण आत्ताच सांगून टाकू. त्यांच्या अब्रूची काळजी करायचं आपल्याला काही कारण नाही.

टिल्ली नऊ वर्षांची असताना एका सकाळी फुंकायला उभी राहिली तेव्हा तिच्या जिभेवर दात घासल्याचा फेस राहिला होता. फुंकता फुंकता तिने तो थुंकल्यासारखा केला. लाल काटा टुणकन उडून दोनशे साठवर गेला. निरीक्षकांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. त्यांनी हिरवी पेन्सिल उचलली, सही केली आणि गुणगुणत दाढी करायला गेले. टिल्ली तिथेच उभी होती. तिने हळूच नळी पुन्हा तोंडाला लावली आणि गाल भरून, जीभ मागून ढकलून, 'थू' केलं. दोनशे साठ. छातीतून काही यावं लागलंच नाही.

त्या दिवसापासून तक्त्यात हिरवळ पसरली. टिल्लीही काही कमी नव्हती. ती कधी दोनशे पंचवीस आणायची, कधी दोनशे चाळीस, कधी नुसते दोनशे पाच. सारखा एकच आकडा आला की संशय येतो, हे बाबांच्याच तोंडून तिने जेवताना शंभरदा ऐकलं होतं. बाजारातले पिकलेले गडी ज्या माणसासमोर चळाचळा कापत, त्याच्या डोळ्यांत एक नऊ वर्षांची पोर रोज सकाळी सात वाजता धूळ फेकत होती, आणि तो खाली सही करत होता.

निरीक्षक आता छाती काढून चालायला लागले. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत ते सहकाऱ्यांना दम्यावर व्याख्यान देत. सगळं नोंदीत आहे, नोंद ठेवली की रोग शिस्तीत येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला साधी सर्दी झाली असेल तोही त्या सुट्टीत खोकला दाबून बसायचा. आत्याला त्यांनी तक्ता दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं, आपल्या घराण्यात नाही टिकायचा तो." ही बाई दोन्हीकडून जिंकत होती.

टिल्लीच्या आईने मात्र दोनदा सांगून बघितलं.

"अहो, जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबते. बुटाची नाडी बांधायला म्हणून."

"मग नाडी सुटत असेल."

"तिच्या बुटांना नाडी नाहीये. पट्टी आहे."

निरीक्षकांनी क्षणभर विचार केला आणि कपाटाकडे बोट दाखवलं. "आज दोनशे तीस. परवा दोनशे बेचाळीस. दम लागला असता तर इथे दिसला नसता का?"

दुसऱ्यांदा ती म्हणाली, की टिल्ली हसता हसता मध्येच गप्प होते. त्यावर निरीक्षक म्हणाले, की मुलांना मोठं होता होता शिस्त येते. टिल्लीची आई गच्चीवर गेली आणि तिने तीन गणवेशांच्या बाह्या एका बैठकीत लावल्या.

तीन महिने हिरवे झाले तेव्हा निरीक्षक तक्त्याची गुंडाळी करून डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोबत मायलेकी होत्या, पण त्या दिवशी त्यांच्याकडे गुंडाळीसोबत आलेल्या माणसांसारखंच बघितलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी तक्ता टेबलावर पसरला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, टिल्लीच्या छातीला नळी लावून ऐकलं.

"आकडे तर छान आहेत. खोकला? जिने चढताना, पळताना दम?"

"काही नाही," निरीक्षक म्हणाले.

टिल्लीच्या आईने तोंड उघडलं होतं. निरीक्षकांचं बोट तेवढ्यात सव्वीस तारखेच्या दोनशे बेचाळीसवर जाऊन टेकलं होतं, आणि डॉक्टरीणबाई तिकडे बघत होत्या. तिने तोंड मिटलं. टिल्ली छताच्या पंख्याकडे बघत बसली. रोजच्या तपकिरी पंपाचा डोस निम्मा करून बघू, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, आणि काही वाटलं तर लगेच या असं दोनदा बजावलं. बाहेर आल्यावर निरीक्षकांनी टिल्लीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, की हे सगळं तिच्या मेहनतीचं फळ आहे. तेवढं एक वाक्य ते त्या दिवशी अगदी खरं बोलले.

पाच आठवडे गेले. खोकला आता दाराआडून ऐकू यायला लागला होता, पण खोकल्याला आकडा नसतो. सकाळचे आकडे हिरवेच होते. मग एका गुरुवारी संध्याकाळी, अजून उजेड होता, निरीक्षक कामावरून घरी आले. टिल्ली नेहमीसारखी दाराशी आली, त्यांच्या कमरेला मिठी मारून तिने पोटात तोंड खुपसलं, आणि त्यांनी तिला तशीच उचलून आत आणलं. त्यांना ती मिठी दिवसभर आठवायची. कुणाला सांगितलं नसतं, पण त्या मिठीसाठीच ते संध्याकाळी कुठे रेंगाळत नसत.

दहा मिनिटांनी टिल्ली जमिनीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत वर ओढून. तिला वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. "आई," एवढंच म्हणाली, आणि पुढचा शब्द यायला एक श्वास, त्याच्या पुढचा यायला आणखी एक.

यावर निरीक्षकांनी काय केलं असेल? त्यांनी कपाट उघडलं आणि फुंकणी काढली.

"उभी राहा, टिल्ली. सरळ. फुंक."

तिने बसल्या बसल्या फुंकलं. गाल फुगवायचंही त्राण नव्हतं. काटा नव्वदवर थांबला.

"हे शक्य नाही," निरीक्षक म्हणाले. "सकाळी दोनशे पस्तीस होता."

दुकानात काटा चुकीचं वजन दाखवतो तेव्हा आधी काटा तपासायचा, माल नंतर. ही बावीस वर्षांची सवय हाताला इतकी भिनलेली होती, की डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी फुंकणी झटकली. काटा शून्यावर आणला. उजेडाकडे धरून नळीत डोळा घातला. मग स्वतः छाती भरून फुंकली. चारशे ऐंशी, नेहमीइतकेच. ते आणखीच घोळात पडले. ताडून बघायची दुसरी फुंकणी खणात खाली कुठेतरी होती, ती शोधायला ते गुडघ्यांवर बसले. त्यांच्या मागे तीन हातांवर त्यांची मुलगी श्वासासाठी झगडत होती, आणि हा माणूस खणातून पेन्सिली, पट्ट्या आणि जुने तक्ते बाहेर फेकत होता. आपल्याला त्यांची कीव करायची असेल तर करावी. ते कामचुकारपणा करत नव्हते. जमेल तेवढ्या घाईने ते चुकीचं काम करत होते.

टिल्लीच्या आईने एव्हाना निळा पंप हलवून स्पेसरला लावला होता. एक फवारा, मग टिल्लीच्या पाठीवर हात ठेवून, "एक... दोन... घाई नाही, तीन..." मग पंप पुन्हा हलवून दुसरा. तिने नवऱ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "ते बाजूला ठेवा आणि गाडी बघा."

इतक्या वर्षांत तिने त्यांना काही करा म्हणून सांगितलेलं हे पहिलंच वाक्य असावं. निरीक्षक उठले. एका हातात दुसरी फुंकणी होती, आणि खणातून बाहेर पडलेली तक्त्यांची गुंडाळी त्यांनी का कोण जाणे काखेत मारली. तसेच ते तीन मजले उतरून रस्त्यात उभे राहिले आणि येईल त्या गाडीसमोर हात हलवायला लागले.

दवाखान्यात टिल्लीच्या तोंडावर मास्क बसला, यंत्र घरघरायला लागलं आणि औषधाची वाफ आत जायला लागली. तासाभरात तिचे खांदे खाली आले. ओठांना रंग आला. निरीक्षक भिंतीला टेकून उभे होते. बसायला सांगितलं तरी बसेनात. चार मिनिटं. खण उघडल्यापासून गाडीकडे धावेपर्यंत चार मिनिटं गेली होती, हे त्यांच्या मनाने न सांगता मोजून ठेवलं होतं, आणि आता ते त्यांना सोडत नव्हतं.

नर्सबाई वयाने मोठ्या आणि हाताने हलक्या होत्या. यंत्र बंद करून त्यांनी टिल्लीला दवाखान्यातलं मीटर दिलं. "हं, फुंक बघू, बेटा."

टिल्लीला आता थोडं बळ आलं होतं आणि सवय मोठी वाईट असते. तिने गाल भरले आणि 'थू' केलं. दोनशे दहा.

"गालाने नाही, छातीने," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "मी काल नोकरीला लागले नाहीये. परत."

टिल्लीने खाली बघितलं आणि नीट फुंकलं. एकशे चाळीस.

"हा खरा," नर्सबाईंनी लिहिलं. मग निरीक्षकांकडे वळल्या. "बऱ्याच पोरांना सापडते ही युक्ती. तुमच्या लक्षात नाही आली? घरी कोण बघतं आकडे?"

"मी."

"तुम्ही काय काम करता?"

निरीक्षकांनी सांगितलं. नर्सबाईंनी फक्त चष्मा काढून पुसला आणि परत लावला, आणि तोंडात मारल्यावर होतो तसा निरीक्षकांचा चेहरा झाला. शेकडो दुकानदारांना त्यांनी ज्या जागी उभं केलं होतं, तिथे ते आता उभे होते, फरक इतकाच की दुकानदारांना निदान आपण काय केलं ते ठाऊक असायचं.

ते खाटेच्या कडेला बसले. "किती दिवस करतेस हे?"

"खूप."

"का पण? खेळायला पाठवणार नाही म्हणून?"

टिल्लीने मान हलवली. आईकडे बघितलं. आई चादरीची घडी सारखी करत होती.

"कमी आला की तुम्ही आईला विचारत बसता," टिल्ली म्हणाली. अजून तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "मग आई बाथरूममध्ये जाते. नळ सोडते. बादली नसते खाली. नुसताच नळ." तिने एक श्वास घेतला. "हिरवा आला की नाही जात."

चादरीची घडी करणारे हात थांबले. टिल्लीच्या आईला वाटत होतं की नळाच्या आवाजात काही ऐकू जात नाही. निरीक्षकांना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पंचनामा झाला की ते दाढी करायला जायचे. घरातल्या एका माणसाला रडावं लागू नये म्हणून दुसरं माणूस चार महिने श्वास चोरत होतं, आणि दोघींच्या मध्ये उभं राहून ते हिरवी पेन्सिल टोक करत होते.

नर्सबाईंनी एक कागद आणि पेन आणून दिलं. डॉक्टर येईपर्यंत भरून ठेवा म्हणाल्या. त्रास कधीपासून, कशाने वाढतो, रोज काय दिसतं. निरीक्षकांनी कागद गुडघ्यावर घेतला, सवयीने तारीख घातली, आणि पेन पहिल्या ओळीवर टेकवून बसले. पहिली ओळ कोरीच राहिली. शेवटी त्यांनी बायकोकडे बघितलं.

"तू सांग," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. हा प्रश्न कुठल्या जातीचा आहे, खुर्ची ओढून विचारलेला की खरोखर विचारलेला, हे ती ठरवत असावी.

"त्या गुंडाळीत जुने तक्ते आहेत ना? हिरवं सुरू व्हायच्या आधीचे. ते उघडा."

त्यांनी खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता पसरला. मग दुसरा. मग तिसरा.

"पिवळे कुठे आहेत बघा."

पिवळे चौकोन एकाखाली एक उभे होते. एखाद-दुसरा इकडेतिकडे, बाकी सगळे एकाच रकान्यात. त्या प्रत्येकाखाली निरीक्षकांची सही होती. जवळजवळ तीन वर्षं त्यांनी हे चौकोन स्वतःच्या हाताने रंगवले होते आणि रंगवून झालं की मान वर करून दुसरीकडे बघितलं होतं.

"शुक्रवार," निरीक्षक म्हणाले.

"गुरुवारी तुम्ही पिठाच्या गिरण्या तपासायला जाता," टिल्लीची आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "शर्ट, केस, सगळं पांढरं असतं. तुम्हाला दिसत नाही. तसेच येता आणि तिला जवळ घेता."

"तू सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही फरशीचं विचारायचात. अभ्र्याचं विचारायचात. त्याची उत्तरं मी दिली. आणि ती दिवसभर त्या मिठीची वाट बघते. ते कसं सांगणार होते मी?"

निरीक्षकांनी खाली स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. पोटाशी, जिथे टिल्लीने तोंड खुपसलं होतं, तिथे पिठावर तिच्या गालाचा ठसा होता. त्यांनी कागद पुढे ओढला आणि 'कशाने वाढतो' याच्यासमोर आपल्या रेखीव अक्षरात लिहिलं: पीठ, गुरुवार, वडील. मग विचारलं, "आणखी?"

टिल्लीची आई सांगू लागली. पाणी पिताना ती दोन घोटांमध्ये थांबते. एक उशी पुरत नाही, दुसरी घेते. शाळेतून येताना दप्तर पुढे घेते, पाठीवर नाही. कवायतीच्या दिवशी तिचं पोट दुखतं. हे असं दहा तारखेपासून. दोन ठिकाणी निरीक्षकांना वाटलं की तारीख चुकतेय. दोन्ही वेळा त्यांनी तिने सांगितलेलीच तारीख लिहिली. कागद पाठपोट भरला. टिल्लीला मध्येच डुलकी लागली होती.

पडदा बाजूला करून नर्सबाई आत डोकावल्या. "झालं का लिहून?"

"नाही," निरीक्षक म्हणाले. "अजून एक कागद द्या. ती सांगतेय अजून."